दर सप्टेंबरात बाण खाली का लागतो : शिकारीच्या धनुष्याची प्रत्यंचा आणि केबल कधी बदलाव्यात

मिशिगन राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि माझ्या धनुष्याचे दुखणे त्याच्या दहाबारा दिवस आधी डोके वर काढते, असे सलग तीन वर्षे घडले. जानेवारीत हंगाम संपवून धनुष्य खुंटीला लावले तेव्हा ३० यार्डांवरून बाण बिनचूक मध्यावर लागत होता. सप्टेंबरात तेच धनुष्य, तेच बाण आणि तेच अंतर असूनही बाण तीन इंच खाली लागे. शिवाय पीप, म्हणजे प्रत्यंचेच्या पदरांमध्ये बसवलेली आणि जिच्या छिद्रातून पाहून नेम धरतात ती लहानशी चकती, पूर्ण ओढ घेतल्यावर डोळ्यासमोर सरळ न येता तिरकी होऊन थांबे. आवारात सराव करताना पीप बोटाने सरळ करून घेता येते; परंतु पहाटेच्या अंधुक उजेडात झाडावरच्या मचाणावर बसलेले असताना, हरीण वीस पावलांवर उभे असताना, तशी सोय नसते.

पहिल्या वर्षी मी साइटची, म्हणजे धनुष्यावर बसवलेल्या नेम धरण्याच्या साधनाची, पिन सरकवली आणि प्रश्न सुटला असे मानले. दुसऱ्या वर्षी दुकानात जाऊन प्रत्यंचेला पीळ वाढवून घेतला. दोन्ही उपाय त्या त्या हंगामापुरते लागू पडले आणि दोन्ही चुकीचे होते, कारण दोन्ही वेळी मी लक्षण दडपले आणि धनुष्यात नेमके काय बदलले आहे हे मोजलेच नाही. तिसऱ्या वर्षी मोजले. त्या मोजण्यातून जे हाती आले आणि नंतर इतरांची धनुष्ये पाहताना जे पक्के झाले, ते येथे मांडत आहे. प्रत्यंचा आणि केबल बदलण्याची वेळ दिनदर्शिका पाहून ठरत नाही. ती काही थोड्या मापांवरून आणि काही ठरावीक खुणांवरून ठरते.

ताण कधीच उतरत नाही

शिकारीसाठी आज सर्रास वापरले जाणारे धनुष्य कंपाउंड पद्धतीचे असते. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मंजूर झाले. धनुष्याच्या दोन्ही बाहूंच्या, म्हणजे मधल्या दांड्याच्या वर-खाली बसवलेल्या लवचिक पट्ट्यांच्या, टोकांना फिरणारी चाके, म्हणजे कॅम, असतात. प्रत्यंचा एका कॅमपासून दुसऱ्या कॅमपर्यंत जाते आणि केबल त्या कॅमना विरुद्ध बाजूच्या बाहूशी किंवा एकमेकांशी बांधून ठेवतात. सुरुवातीच्या धनुष्यांत या केबल पोलादी तारेच्या असत. आता त्या प्रत्यंचेच्याच कृत्रिम धाग्याच्या असतात, त्यामुळे धनुष्य हलके आणि वेगवान झाले. पण पोलादाला ज्याची फारशी फिकीर नव्हती ती एक व्याधी सोबत आली.

ती व्याधी समजण्यासाठी लांब होण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. ताण दिला की धागा किंचित लांबतो आणि ताण काढला की पूर्ववत होतो, तो पहिला प्रकार. त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात सततच्या ताणाखाली धाग्यातील लांबच लांब रेणू एकमेकांवरून हळूहळू घसरतात आणि आलेली लांबी परत जात नाही. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणारा पॉलिथिलीनचा धागा वजनाच्या मानाने विलक्षण बळकट असतो आणि पाणी शोषत नाही, परंतु या दुसऱ्या प्रकारच्या लांबण्याकडे त्याचा कल असतो आणि उष्णतेने तो वाढतो. म्हणूनच कंपाउंडच्या प्रत्यंचेसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक धाग्यांत, उदाहरणार्थ बीसीवाय कंपनीच्या ४५२एक्स मध्ये, डायनीमाबरोबर व्हेक्ट्रान नावाचा दुसरा तंतू मिसळलेला असतो. व्हेक्ट्रान जवळजवळ लांबत नाही. मात्र तो उन्हाने लवकर जीर्ण होतो. म्हणजे एका तंतूची खोड दुसऱ्याने झाकायची आणि दुसऱ्याची काळजी आपण घ्यायची, असा हा संसार आहे.

येथे एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि माझ्याही आली नव्हती. साध्या लाकडी धनुष्याची प्रत्यंचा वापर झाल्यावर उतरवून ठेवतात. कंपाउंडची उतरवता येत नाही, त्यामुळे ते खुंटीला टांगलेले असतानाही त्याच्या प्रत्यंचेवर आणि केबलांवर ओढवजनाच्या, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराच्या, कित्येक पट ताण अष्टौप्रहर असतो. फेब्रुवारी ते ऑगस्ट मी एकही बाण सोडत नव्हतो, म्हणून दोरीची झीज होत नसावी अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याच महिन्यांत धनुष्य पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅरेजमध्ये, दुपारभर तापणाऱ्या पत्र्याच्या दारामागे टांगलेले होते आणि दोनदा तर ते जुलैत दिवसभर मोटारीच्या डिकीत राहिले. दर सप्टेंबरात उगवणाऱ्या दुखण्याचे बी उन्हाळ्यात पेरले जात होते.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपली म्हण आहे. या धाग्यांच्या बाबतीत ती उलटी लागू होते, कारण येथे सुंभ शाबूत दिसतो आणि पीळ मात्र निसटतो. प्रत्यंचेचे साधारण वीस ते अठ्ठावीस पदर एकाच ताणाखाली तयार केलेले असतील तर ते एकसारखे लांबतात आणि पीप जागच्या जागी राहते. पदरांचा ताण मुळातच कमीजास्त असेल, तर काही पदर आधी लांबतात, काही मागे राहतात आणि ही ओढाताण पदरांना गुंडाळत पीपला आपल्याबरोबर फिरवते. म्हणून फिरणारे पीप हे पीपचे दुखणे क्वचितच असते.

आधी निर्दोष भाग वगळावेत

बाण खाली लागू लागला म्हणजे प्रत्यंचाच दोषी, असे लगेच ठरवू नये. बाहू मधल्या दांड्याला ज्या बोल्टांनी जोडलेले असतात ते बोल्ट कंपनाने सैल झाले तरी ओढवजन उतरते आणि बाण खाली जातो; ते प्रथम पाहावेत आणि दोन्ही बोल्ट सारख्याच फेऱ्यांनी बसले आहेत ना, याची खात्री करावी. साइटचा आणि बाण टेकतो त्या रेस्टचा प्रत्येक स्क्रू हाताने तपासावा. बाण डावीउजवीकडे जात असतील आणि तेही नोव्हेंबरच्या थंडीतच जात असतील, तर बहुधा जाड कोटाची बाही प्रत्यंचेला घासत असते. त्यासाठी दोरी बदलण्याची नव्हे, मनगटापासून कोपरापर्यंतची बाही बांधून घेण्याची गरज आहे. हे सर्व ठीक असेल तरच टेप हातात घ्यावा.

चार मापे पुरेशी आहेत, परंतु ती धनुष्य नवीन असताना किंवा प्रत्यंचा आणि केबलांचा नवीन संच बसून स्थिर झाल्यावर लिहून ठेवलेली असली पाहिजेत. पहिले माप वरच्या आणि खालच्या कॅमच्या आसांमधील अंतराचे. दुसरे ब्रेस हाइटचे, म्हणजे मुठीच्या खोलगट भागापासून प्रत्यंचेपर्यंतच्या अंतराचे. तिसरे ओढवजनाचे, जे काट्यावर पाहावे. चौथे माप टेपने घ्यायचे नसते: धनुष्य विश्रामावस्थेत असताना केबल कॅमच्या ज्या बिंदूवरून जाते तेथे दोन्ही कॅमवर चंदेरी मार्करने बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे ती रेघ केबलपासून सरकलेली दिसली तर कॅम फिरला आहे असे समजावे, आणि एकाच कॅमवरची रेघ सरकली असेल तर दोन कॅमची जुळणी बिघडली आहे असे समजावे. निर्मात्याने आसांमधील अंतर आणि ब्रेस हाइट यांची अपेक्षित मापे दिलेली असतात, परंतु आपल्या धनुष्याची, आपल्या ओढवजनावर घेतलेली मापे त्याहून विश्वासार्ह असतात.

या मापांचा अर्थ असा लावावा. केबल लांबल्या की बाहूंना आत खेचून धरणारी पकड ढिली पडते, आसांमधील अंतर वाढते आणि ओढवजन घटते. प्रत्यंचा लांबली की ब्रेस हाइट कमी होते, ओढीची लांबी किंचित वाढते आणि पीप आपल्या जागेवरून ढळते. एक केबल दुसरीपेक्षा अधिक लांबली की एक कॅम आपल्या थांब्यावर आधी पोहोचतो आणि दुसरा मागून येतो. पूर्ण ओढीच्या शेवटी भिंतीला टेकल्यासारखा घट्टपणा जाणवण्याऐवजी रबर ओढल्यासारखा लवचिकपणा जाणवू लागला, तर बहुतेक वेळा हेच घडलेले असते. सरावाचे गोल टोकाचे बाण हा दोष पुष्कळसा पोटात घालतात. शिकारीच्या रुंद पात्याचे बाण तो लपवू देत नाहीत आणि त्यांचा गट सरावाच्या गटापासून दूर पडू लागतो.

माझ्या धनुष्यात आसांमधील अंतर ३२ इंचांवरून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढलेले निघाले आणि ओढवजन ६५ पौंडांवरून ६२ वर आले होते. तेवढ्याने तीन इंचांचा हिशेब लागत नाही, हे मला नंतर लक्षात आले. ताशी मैलांत न जाता अमेरिकेतील रीतीप्रमाणे सेकंदाला फुटांत सांगायचे तर तीन पौंड घटले की बाणाचा वेग साधारण पाचसहा फुटांनी कमी होतो, आणि २७० च्या आसपास वेग असलेल्या बाणासाठी ३० यार्डांवर याचा अर्थ सुमारे एक इंच. उरलेले दोन इंच पीपचे होते. पीपपासून साइटच्या पिनपर्यंतचे अंतर माझ्या ओढीला सुमारे ३२ इंच आहे आणि ३० यार्ड म्हणजे १०८० इंच; या प्रमाणात पीप अर्धे सूत खाली आले तरी लक्ष्यावर बाण दोन इंच खाली उतरतो. साइटची पिन सरकवून मी पहिल्या वर्षी हा परिणाम झाकला होता. कॅमची बिघडलेली जुळणी मात्र तशीच होती.

पीळ किती वेळा भरावा

लांबलेल्या केबलला पीळ वाढवून पुन्हा आखूड करता येते आणि नवीन संचाच्या बाबतीत ते योग्यही आहे. नवीन प्रत्यंचा पहिल्या शंभर ते दोनशे बाणांत बसते, वेष्टणे आवळतात, पदर आपापल्या जागा घेतात. त्यानंतर एकदा जुळणी करून घेणे हा नित्याचा भाग आहे, दोष नव्हे. निर्माते हल्ली प्रत्यंचा तयार करतानाच ती मोठ्या ताणावर बराच वेळ ओढून ठेवतात, त्यामुळे चांगल्या संचाला एवढेही लागत नाही.

प्रश्न त्यानंतरच्या पिळाचा आहे. स्थिर झालेल्या संचाला एकदा पीळ भरला, मापे पूर्ववत आणली आणि तरीही पुढच्या दोनशे बाणांत किंवा दोन महिन्यांत ती पुन्हा ढळली, तर तो संच बदलावा, असा मी माझ्यापुरता निकष ठरवला आहे. काही जाणकार त्याहून अधिक सबुरी बाळगतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण नाही, परंतु धावती दोरी नेमकी कोठे थांबेल याचा भरवसा नसतो. शिवाय पीळ अतोनात वाढला की दोरी स्प्रिंगसारखी वागू लागते, पीप अधिकच फिरते आणि केबल जाड होऊन कॅमच्या खाचेत नीट बसत नाही.

केवळ पीप फिरत असेल आणि बाकी मापे जागेवर असतील, तर आधी सौम्य उपाय करून पाहावा. धनुष्य प्रेसमध्ये, म्हणजे बाहू दाबून दोरीवरचा ताण उतरवणाऱ्या यंत्रात, दाबून प्रत्यंचेच्या टोकाच्या गाळ्याला अर्धा वेढा देतात किंवा पीपच्या एका बाजूचा एखादा पदर दुसऱ्या बाजूला घेतात, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. पीप सरळ करण्यासाठी रबरी नळी लावण्याची जुनी पद्धतही आहे. ती नळी ऐन वेळी तुटते तेव्हा डोळ्यावर येते, म्हणून मला ती पसंत नाही. अर्धा वेढा दिल्यावर महिन्याभरात पीप पुन्हा फिरले, तर पदरांचा ताण असमान आहे हे निश्चित समजावे. त्यावर नवीन प्रत्यंचेखेरीज कायमचा उपाय नाही.

मापे न घेताही थांबावे अशा खुणा

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर माप घेत बसू नये. एकही पदर तुटलेला किंवा कापलेला दिसला तर त्या धनुष्याने आणखी एकही बाण सोडू नये. इतके पदर आहेत, एकाने काय होते, हा हिशेब फसवा आहे, कारण ज्या कारणाने एक कापला ते कारण शेजारच्या पदरालाही लागलेले असते आणि तुटलेल्या पदराचा ताण त्या दुबळ्या शेजाऱ्यांवरच येतो. ओढलेल्या अवस्थेत प्रत्यंचा तुटली तर बाहूंमध्ये साठलेली शक्ती बाणाकडे न जाता धनुष्यातच फुटते. त्यात कॅम वाकतात, बाहू चिरतात आणि तिरंदाजाच्या हातातोंडाला इजा होऊ शकते.

पदर कापला आहे की नुसती लव आली आहे, हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. कापसाचा बोळा प्रत्यंचेवरून आणि केबलांवरून सावकाश फिरवावा. जेथे तंतू उसवलेले असतील तेथे कापूस अडकतो. वरवरची लव बहुधा मेण सुकल्याचे लक्षण असते. मेण लावून बोटांनी हलके चोळले की ती बसते आणि धाग्याचा तुकतुकीतपणा परत येतो. मेण लावल्यानंतर आठपंधरा दिवसांतच त्याच जागी पुन्हा केस उभे राहिले, तर ते तंतू सुकलेले नसून तुटलेले आहेत असे समजावे. मेण जिरवण्यासाठी चामड्याच्या तुकड्याने जोरात घासण्याची काहींना सवय असते. पॉलिथिलीनचा हा धागा सुमारे १५० अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी उष्णतेने अशक्त होतो, म्हणून बोटांच्या उबेवरच समाधान मानावे.

प्रत्यंचेवर ठिकठिकाणी बारीक दोऱ्याचे वेष्टण असते, त्याला तिरंदाज सर्व्हिंग म्हणतात. मध्यभागी जेथे बाणाची खाच बसते तेथील वेष्टण झिजले किंवा सरकले तर तेवढेच नव्याने गुंडाळून घेता येते आणि त्यासाठी अख्खा संच टाकण्याची गरज नसते. मात्र कॅमवरून वळणाऱ्या भागातील वेष्टण फाकून आतले पदर दिसू लागले, तर माझ्या मते तो संच संपला. तेथे दर बाणागणिक दोरी वाकते आणि सरळ होते, उघड्या पदरांना धातूची कड लागते, धूळ आत शिरते. तेथे पुन्हा वेष्टण घालून देणारे कारागीर आहेत. परंतु आतले पदर किती झिजले आहेत हे त्यांनाही दिसत नसते. केबल जेथे सरकपट्टीवरून किंवा छोट्या चाकांवरून जाते तेथेही हाच नियम लावावा.

धनुष्य बाण न लावता सुटले, बाणाची खाच फुटून तो नीट सुटला नाही किंवा फार हलका बाण वापरला गेला, तर प्रत्यंचा वरून धडधाकट दिसली तरी ते धनुष्य पुन्हा ओढू नये. बाणाचे वजन ओढवजनाच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन असावे हा सर्वमान्य नियम आहे, म्हणजे ६५ पौंडांसाठी ३२५ ग्रेन किंवा सुमारे २१ ग्रॅम. शिकारीचे बाण यापेक्षा बरेच जड असतात, म्हणून हा प्रसंग बहुधा कोणीतरी हौसेने रिकामे धनुष्य ओढून पाहताना घडतो. घरी पाहुणे आले आणि धनुष्य भिंतीवर दिसले की त्यांचा हात तिकडे जातोच. अशा वेळी प्रत्यंचा कॅमच्या खाचेतून उतरली असेल तर ती हाताने बसवण्याचा प्रयत्न करू नये. कॅमचा वाकडेपणा आणि बाहूंच्या चिरा तपासून संच बदलून घ्यावा.

नवीन संचही त्याच जागी झिजला तर

वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार सर्वांत चिवट असते आणि तिच्यावर सर्वाधिक पैसे वाया जातात. माझ्या एका परिचितांनी चौदा महिन्यांत दोन संच बदलले. दोन्ही वेळा खालच्या कॅमजवळचे वेष्टण एकाच बिंदूवर कापले गेले आणि दोन्ही वेळा दोष दोरी तयार करणाऱ्याच्या माथी मारला गेला. तिसरा संच मागवण्यापूर्वी आम्ही जुनी प्रत्यंचा काढलेल्या कॅमच्या खाचेतून कापसाचा बोळा फिरवला आणि तो कडेला एका जागी अडकला. मचाणावरून धनुष्य दोराने खाली सोडताना ते कधीतरी दगडावर आपटले असावे. कडेला नखालाही जेमतेम जाणवेल अशी एक बारीक कूस, म्हणजे धातूचे टोकदार कुसळ, उभी राहिली होती. दर बाणागणिक ती कूस वेष्टणाचा एकेक तंतू कापत होती.

म्हणून एकाच जागी दुसऱ्यांदा झीज दिसली की दोरी बाजूला ठेवून दोरीला शिवणारे भाग तपासावेत. कॅमच्या खाचेची कड, केबल ज्यांवरून जाते ती चाके, आणि कॅमचा कल, हे तीन संशयित बहुधा पुरतात. चाक धुळीने किंवा गंजाने अडून बसले असेल तर केबल त्यावरून फिरण्याऐवजी घासत जाते. बोटाने फिरवून पाहिले की ते लगेच कळते. कॅमचा कल पाहण्यासाठी त्याच्या सपाट बाजूला एक सरळ बाण टेकवून त्याची रेषा प्रत्यंचेशी ताडून पाहावी: कॅम फार कललेला असेल तर प्रत्यंचा खाचेत सरळ न उतरता एका भिंतीला घासत उतरते. थोडा कल बहुतेक धनुष्यांत असतोच. कूस बारीक असेल तर अतिशय बारीक पॉलिश कागदाने ती घालवता येते, परंतु खाचेचा आकार बदलेल इतके घासणे हे कॅम वाया घालवणे आहे. आमच्या परिचितांच्या धनुष्यात पाच मिनिटांच्या पॉलिशने काम झाले आणि तिसरा संच अजून टिकून आहे.

मग वर्षांचे काय

दोन ते तीन वर्षांनी संच बदलावा, असा ढोबळ सल्ला दुकानांत मिळतो आणि शिकाऱ्याच्या वापराला तो वाजवी आहे. मापे जागेवर आणि खुणा एकही नसल्या तरी तीन वर्षांपलीकडे मी स्वतः जात नाही, कारण व्हेक्ट्रानचे जीर्ण होणे बाहेरून दिसत नाही. परंतु वर्ष हे माप सर्वांना सारखे लागत नाही. हंगामापुरता सराव करणारा शिकारी वर्षाला हजारभर बाण सोडत असेल. लक्ष्यभेदाच्या स्पर्धेत उतरणारा तिरंदाज तेवढे बाण आठवड्याभरात सोडू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही. तेथे कंपाउंड धनुष्य दिसते ते ५० मीटरच्या लक्ष्यासमोर. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनमध्ये याच प्रकारात जागतिक विजेतेपदे मिळवल्यापासून महाराष्ट्रातही पुष्कळ मुलांच्या हाती हे धनुष्य आले आहे. त्यांच्या स्पर्धांत ओढवजनाची मर्यादा ६० पौंड असते, म्हणजे एका बाणामागे दोरीवर येणारा भार शिकारीच्या जड धनुष्यापेक्षा थोडा कमी, परंतु बाणांची संख्या अनेक पटींनी जास्त. आणि विदर्भातील मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेल्या धनुष्याची अवस्था माझ्या गॅरेजपेक्षा निश्चितच वाईट होत असेल. त्यांनी वर्षे मोजण्यापेक्षा महिन्यातून एकदा कॅमवरच्या रेघा पाहाव्यात.

संच बदलताना प्रत्यंचा आणि सर्व केबल एकदमच बदलाव्यात. केवळ झिजलेली केबल बदलून पैसे वाचवणारे पुष्कळ असतात. नवीन केबल स्थिर होत असताना जुनी आपल्या गतीने लांबत राहते, आणि दोन कॅमची जुळणी एका जागी राहतच नाही. याला अपवाद डी-लूपचा, म्हणजे रिलीज (बोटांऐवजी प्रत्यंचा ओढून सोडण्याचे हातातले साधन) जिला अडकवतो त्या छोट्या गाठलेल्या दोरीचा. ती स्वस्त असते, तिच्यावर रिलीजची धातूची चिमटी दरवेळी घासते आणि ती पूर्ण ओढीत सुटली तर मूठ थेट तोंडावर येते; वितळवलेली टोके बारीक झालेली किंवा वळणाजवळ आवरण उसवलेले दिसताच ती बदलावी, मग बाकी संच कितीही नवा असो. अमेरिकेत चांगला संच साधारण शंभर ते दोनशे डॉलरना मिळतो आणि बसवण्याची मजुरी वेगळी पडते.

हे काम बो प्रेसशिवाय होत नाही. बाहूंचे बोल्ट उलगडत नेऊन ताण उतरवण्याचा जो जुगाड सांगितला जातो, तो कोणी करू नये; निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे बोल्ट सोडला तर बाहू निसटून बाहेर येऊ शकतो. आजच्या जवळजवळ समांतर बाहूंच्या धनुष्यांना जुन्या पद्धतीची प्रेसही चालत नाही, बाहूंना टोकाजवळ धरणारी लागते. ती घरी घ्यावी की दुकानात जावे, हा हौसेचा आणि खर्चाचा प्रश्न आहे.

वर्षातील वेळ मात्र महत्त्वाची आहे. ऑगस्टच्या शेवटी येथील दुकानांत धनुष्यांची रांग लागते, काम घाईत होते आणि नवीन संच स्थिर व्हायला दिवस उरत नाहीत. हंगाम संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये मापे घ्यावीत, बदलायचे असेल तर तेव्हाच बदलावे, दीडदोनशे बाण सोडून पुन्हा जुळणी करून घ्यावी आणि त्यानंतरच पीपची उंची पक्की करून साइटच्या पिना लावाव्यात. नवीन संचानंतर जुन्या पिनांवर विसंबू नये. रुंद पात्याचे बाण उन्हाळ्याच्या अखेरीस सरावाच्या बाणांबरोबर ताडून पाहावेत. नवी मापे धनुष्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवावीत. मी मोबाइलमध्ये लिहून ठेवली होती आणि मोबाइल बदलताना ती गेली.

संच बदलल्यानंतर माझे धनुष्य घरातील तळघरात, पेटीत असते आणि मोटारीत ते फक्त प्रवासापुरते जाते. गेल्या सप्टेंबरात पहिला बाण मध्यापासून अर्ध्या इंचावर लागला, आसांमधील अंतर ३२ इंचांवरच होते आणि कॅमवरच्या दोन्ही रेघा केबलखालीच होत्या.

राहिला प्रश्न काढलेल्या संचाचा. केवळ काळ झाला म्हणून बदललेला आणि कोठेही न कापलेला संच गुंडाळून, त्यावर धनुष्याचे नाव व तारीख लिहून अडीअडचणीसाठी ठेवावा. शहरापासून शंभर मैलांवर एखाद्या फांदीच्या टोकाने प्रत्यंचा कापली गेली तर तो हंगाम वाचवतो. पदर तुटलेला किंवा वेष्टण फाकलेला संच मात्र टाकण्यापूर्वी मधोमध कापावा, नाहीतर तो कोणाच्या तरी धनुष्यावर चढण्याची शक्यता उरते.